मारिओतले शत्रू: कोणाची खोड काय आणि कोणाला कसं गाठायचं

मारिओतल्या प्रत्येक शत्रूला एक खोड आहे आणि ती तो सोडत नाही. 1985 साली आलेल्या पहिल्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये जे कासव कडेवरून खाली पडायचं, ते पुढच्या भागांतही पडतं; जे वळायचं ते वळतंच. एकेकाची खोड एकदा पाठ झाली, की समोर कॅसेटवाला टीव्ही गेम असो की मोबाइल, तीच कामाला येते. इथे मुख्यतः पहिल्या भागाचंच सांगितलं आहे, कारण आपल्या खेड्यापाड्यांत ‘9999 इन 1’ कॅसेटमधून पोचला तो हाच. त्या कॅसेटच्या यादीत एकच मारिओ वेगवेगळ्या नावांनी परत परत येतो आणि काही नावांत खेळ मधल्याच लेव्हलपासून सुरू होतो. शिकायचं असेल तर 1-1 (म्हणजे पहिल्या वर्ल्डची पहिली लेव्हल) पासून सुरू होणारा निवडा.

आधी लाइन आणि बटणं

उन्हाळ्याच्या सुट्टीत भर दुपारी कूलर आणि गेम एकाच बोर्डावर लावलेले असतात. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतं आणि गेम अडकतो, नाहीतर थेट मेनूवर जातो. अडॅप्टरला वेगळं सॉकेट द्या. लाइन गेली तर मात्र इलाज नाही, कारण या भागात सेव्ह नावाचा प्रकार नाही. ‘गेम ओव्हर’ झालं आणि मशीन चालूच असेल, तर पहिल्या स्क्रीनवर A दाबून धरून स्टार्ट दाबा. ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून खेळ सुरू होतो. मशीन बंद पडलं की हेही पुसलं जातं. म्हणून लोडशेडिंगची वेळ जवळ आली असेल तर आडवाटेने जा: 1-2 च्या शेवटी छपरावर चढून सरळ पुढे गेलं की वर्ल्ड 2, 3 आणि 4 चे पाइप मिळतात. 4-2 मध्ये एका विटेत वेल लपलेला आहे. तिथवर पोचायला आधी हवेतले न दिसणारे ठोकळे डोक्याने ठोकून उघडावे लागतात, पण त्या वेलाने थेट वर्ल्ड 8 गाठता येतं.

चित्रात पट्टे येत असतील किंवा खेळ सुरूच होत नसेल, तर कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. श्वासातल्या ओलाव्याने पितळी पिना काळ्या पडतात. मशीन बंद करून पांढऱ्या खोडरबराने पिना हलक्या हाताने घासा, कोरड्या कापडाने पुसा आणि मग लावा.

रिमोटवर A आणि B च्या वर टर्बोची दोन बटणं असतात. नवखे पोट्टे टर्बो A नेच उडी मारतात आणि खड्ड्यात जातात. उडीची उंची A किती वेळ दाबून धरला यावर ठरते. टर्बो स्वतःच दाब-सोड करत राहतो, त्यामुळे उडी खुजी पडते. उलट पाण्याच्या लेव्हलमध्ये टर्बो A उत्तम, कारण तिथे दर दाबाला एक हात मारला जातो. पळण्यासाठी साधा B दाबून ठेवायचा. पळत मारलेली उडी जास्त लांब आणि थोडी उंचही जाते. टर्बो B ने फायरबॉल (फूल मिळाल्यावर मारिओ फेकतो ते आगीचे गोळे) भराभर सुटतील असं वाटतं, पण स्क्रीनवर एका वेळी दोनच गोळे राहू शकतात. नव्या एलईडी टीव्हीवर उडी उशिरा पडते असं वाटलं तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ लावा. जुन्या डब्बा टीव्हीवर हा त्रास नसतो.

चालणारे शत्रू

सगळ्यांत आधी एक नियम. मारिओ खाली उतरत असताना शत्रूला लागला तर शत्रू चिरडतो, वर चढत असताना लागला तर मारिओ मरतो (मशरूम खाऊन मोठा झालेला असेल तर फक्त छोटा होतो). शत्रू अगदी जवळ आल्यावर घाबरून उडी मारणारा म्हणूनच फसतो: उडीचा चढता भागच शत्रूवर येतो. दोन पावलं आधी उडा, म्हणजे उतरताना तो पायाखाली सापडेल. शत्रू विटेवर चालत असेल तर खालून ती वीट ठोकूनही तो मरतो.

गूम्बा, म्हणजे तो तपकिरी, भुवया आवळलेला भूछत्र्या, सरळ चालतो, अडथळ्याला धडकला की वळतो आणि कड आली की पडतो. तुमच्यामागे तो लागत नाही. स्क्रीनच्या आत आल्यावरच चालायला सुरुवात करतो, त्यामुळे पुढे खड्डा असेल तर जरा थांबा, आपोआप पडेल. मोबाइलवरच्या सुपर मारिओ रनमध्ये (आयफोनवर 2016, अँड्रॉइडवर 2017) मारिओ गूम्बावरून स्वतःच उडी घेऊन पुढे जातो. गूम्बा तिथेही तसाच सरळ चालतो, फक्त त्याला मारायचं असेल तर वेळेवर टॅप करावं लागतं.

कूपा ट्रूपाला सगळे कासवच म्हणतात. त्याच्या रंगाकडे नीट बघा, कारण त्यावर जीव अवलंबून आहे. हिरवं कासव कडेवरून बेधडक खाली पडतं. लाल कासव वखराच्या बैलजोडीसारखं, शेताचा धुरा आला की वळतं आणि त्याच पट्टीत येरझारा घालत राहतं. म्हणून वरच्या पट्टीवर हिरवं दिसलं तर ते तुमच्या डोक्यावर येऊ शकतं, लाल असेल तर येणार नाही. 1-3 मधल्या अधांतरी पट्ट्यांवर लाल कासवं आहेत. पट्टीवर उतरण्याआधी ते कडेकडून वळून पलीकडे निघेपर्यंत थांबा, मग मागून जा. पंखवाल्यांतही हाच भेद आहे: हिरवं टुणटुण उड्या मारत पुढे येतं, लाल जागच्या जागी वर-खाली तरंगतं. पहिल्या उडीत पंख गळतात, दुसऱ्या उडीत ते कवचात जातं.

कवचावर पाय दिल्यावर विसरून जाऊ नका. थोड्या वेळाने त्यातून पाय बाहेर येतात आणि कासव परत चालू लागतं. कवच ढकललं की वाटेतल्या सगळ्यांना मारत जातं, पाइपला धडकून परत येतं आणि तुम्हालाही मारतं. ढकलण्याआधी पुढे पाइप आहे का ते बघा. असेल तर ढकलल्याबरोबर उडी तयार ठेवा. सुपर मारिओ ब्रदर्स 3 पासून पुढे B दाबून कवच हातात उचलता येतं, पहिल्या भागात येत नाही.

याच कवचावर 3-1 ची जीव वाढवण्याची युक्ती उभी आहे. लेव्हलच्या शेवटच्या पायऱ्यांवरून दोन कासवं उतरतात. पहिल्याला जाऊ द्या किंवा मारा. दुसरं पायरीवर असताना त्याच्यावर उडी मारून त्याला कवचात घाला. मग त्याच्यावर अशी उडी मारा, की कवच पुढच्या पायरीच्या भिंतीला धडकून लगेच तुमच्या पायाखाली येईल. उडी कवचाच्या मध्यावर पडली तर चुकते. पायरीच्या विरुद्ध बाजूला, किंचित कडेवर पडायला हवी. एकदा ताल जमला की मारिओ जागच्या जागी उसळत राहतो, गुण वाढत 8000 ला जातात आणि त्यानंतर दर उसळीला एक जीव मिळतो. दिशेची बटणं त्या वेळी सोडून द्या. बहुतेकांचं इथेच बिघडतं, सवयीने अंगठा उजवीकडे दाबला जातो. वरच्या घड्याळाकडेही लक्ष असू द्या, त्याचा आकडा सेकंदापेक्षा खूप भराभर उतरतो. आणि हाव करू नका. जिवांची मोजणी 127 च्या पुढे गेली की हिशोब उलटा फिरतो आणि पुढच्याच मरणाला गेम ओव्हर होतं. नवाच्या पुढे आकड्यांऐवजी मुकुट आणि भलतीसलती चिन्हं दिसतात, त्यामुळे शेजारी बसलेल्याला तोंडाने मोजायला लावा आणि शंभराच्या आत थांबा.

4-2 पासून काळपट पाठीचा बझी बीटल येतो. कासवासारखाच वागतो, पण फायरबॉलला दाद देत नाही. त्याच्यावर पाय द्यायचा आणि कवच ढकलायचं.

पाइप, तोफ, हातोडा आणि ढग

पाइपातून वर येणारं पिरान्हा रोप चावरं असलं तरी एका बाबतीत अगदी सरळ आहे: तुम्ही पाइपला चिकटून किंवा पाइपवर उभे असाल तर ते बाहेर येतच नाही. ते आत गेलं की पळत जाऊन पाइपला चिकटा, मग सावकाश चढा. वर्ल्ड 5 पासून काळ्या तोफांतून सुटणाऱ्या बुलेट बिलचंही तसंच, तोफेला लागून उभं राहिलं की ती सुटत नाही. गोळीवर पाय देऊन ती पाडता येते, फायरबॉलने नाही.

हॅमर ब्रदर्स ही जोडी 3-1 मध्ये पहिल्यांदा भेटते आणि सगळ्यांत जास्त जीव हीच खाते. दोघे विटांच्या दोन ओळींवरून वर-खाली उड्या मारत हातोडे फेकतात. हातोडा कमानीत जातो, म्हणून अगदी जवळ किंवा बरंच लांब असलेलं बरं. मधल्या अंतरावर उभं राहणाऱ्याच्या डोक्यात तो पडतो. दोन उपाय खात्रीचे. ते विटांवर असताना खालून बरोबर त्यांच्या पायाखालची वीट ठोका. किंवा दोघेही वर गेले की B दाबून खालून सरळ निघून जा. फायरबॉल असेल तर एकात एक मरतो. फार वेळ वाट बघितली तर ते स्वतःच तुमच्याकडे चालून येतात. 8-3 मध्ये तर ते एकामागून एक येतात, तिथे मोठा मारिओ घेऊनच जा.

लाकिटू, म्हणजे ढगात बसून काटेरी अंडी फेकणारा, 4-1 पासून येतो. अंडं जमिनीवर पडलं की त्याचा लाल स्पायनी होतो आणि त्याच्यावर पाय दिला तर तुम्हीच मरता. स्पायनीला फायरबॉल, कवच किंवा खालून ठोकलेली वीट लागते. इथे थांबून लढणारा अंड्यांच्या गर्दीत सापडतो. पळत राहा, उंच ठोकळा मिळाला आणि लाकिटू डोक्याजवळ आला तर त्याच्यावर उडी मारा. थोड्या वेळाने तो परत येतो, पण तेवढ्यात बरंच अंतर कापून होतं.

पाण्यात पाय देऊन कोणी मरत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पांढरा ब्लूपर तिरका वर झेपावतो आणि मग सरळ खाली बसतो. तो वर गेला की खालून निघा. 2-3 च्या पुलावर चीप चीप मासे हवेत उडतात, तिथे थांबणं म्हणजे मरण, सलग पळा.

सुपर मारिओ ब्रदर्स 3 (जपानमध्ये 1988) हाती लागला तर तीन नवी तोंडं भेटतील. बू हे भूत तुम्ही त्याच्याकडे तोंड केलं की लाजून थांबतं, पाठ फिरवली की मागे लागतं. त्यामुळे पुढे दोन पावलं, मग मागे वळून एक नजर, असं चालायचं. हाडांचं कासव ड्राय बोन्स पाय दिल्यावर कोसळतं, पण परत उभं राहतं, म्हणून पाडलं की लगेच पुढे निघा. थ्वॉम्प हा दगड तुम्ही जवळ गेलात की आदळतो आणि हळूहळू वर जातो. एक पाऊल आत टाकून मागे या, तो आदळला की वर जाताना खालून पळा.

बाउझर

प्रत्येक वर्ल्डच्या चौथ्या लेव्हलला किल्ला आणि शेवटी पुलावर बाउझर, म्हणजे राजकन्येला पळवणारा खलनायक, असतो. 4-4, 7-4 आणि 8-4 मध्ये वाट चुकली की तोच भाग परत परत येतो, त्यामुळे कोणत्या मजल्यावरून गेलात ते लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी बदला. बाउझर वर्ल्ड 5 पर्यंत फक्त आग ओकतो, 6 आणि 7 मध्ये हातोडे फेकतो, 8 मध्ये दोन्ही.

त्याला मारायची गरज नाही, त्याच्या मागची, पूल तोडणारी कुऱ्हाड गाठायची आहे. तो उंच उडाला की खालून पळा. छोट्या मारिओला हे सोपं जातं. मोठा मारिओ असेल तर आणखी सोपा मार्ग आहे: मुद्दाम त्याला धडका. मारिओ छोटा होऊन काही क्षण लुकलुकतो आणि तेवढ्या वेळात त्याला काहीच लागत नाही. थेट बाउझरच्या अंगातून पळत जाऊन कुऱ्हाडीला हात लावा. फायरबॉल असतील तर 5 गोळ्यांत तो मरतो आणि तेव्हाच त्याचं खरं रूप दिसतं: 1-4 मधला निघतो गूम्बा, 2-4 मधला कासव, पुढे क्रमाने बझी बीटल, स्पायनी, लाकिटू, ब्लूपर आणि हॅमर ब्रदर. खरा बाउझर फक्त 8-4 मध्ये आहे.

राजकन्या सुटल्यावर मशीन बंद करू नका. पहिल्या स्क्रीनवर B दाबून हवा तो वर्ल्ड निवडता येतो आणि दुसरी, जास्त अवघड फेरी सुरू होते. तिच्यात शत्रू जोरात चालतात आणि सगळ्या गूम्बांच्या जागी बझी बीटल असतात. पहिल्या फेरीत फायरबॉलवर भिस्त ठेवलेल्यांना 1-1 च्या पहिल्याच शत्रूपाशी अडायला होतं. फूल मिळालं तरी गोळे वाया घालवू नका. पाय द्या, कवच ढकला आणि ते परत येण्याआधी उडी तयार ठेवा.