वाद्याच्या केबलसाठी प्लग कसा निवडावा

घरी केबल तयार करताना बहुतेक जण वायरीचा पुष्कळ विचार करतात आणि प्लग मात्र हाताला येईल तो घेतात. दुरुस्तीसाठी मी आजवर उघडलेल्या बंद पडलेल्या केबलींपैकी बहुतेकींत बिघाड प्लगच्या आतच, वायर जिथे जोडलेली असते त्या जागी निघाला. म्हणून प्लग निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा की, ओढ बसल्यावर हा प्लग वायरीला कशाने धरून ठेवणार आहे?

इलेक्ट्रिक गिटार, बेस किंवा कीबोर्डच्या साध्या आउटपुटसाठी ६.३५ मिलिमीटरचा, म्हणजेच पाव इंची मोनो प्लग लागतो. त्याच्या दांड्यावर एकच काळी कडी असते. दोन कड्या दिसल्या तर तो स्टिरिओ समजावा.

प्लगमध्ये वायर धरण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. स्विचक्राफ्ट कंपनीच्या जुन्या धर्तीच्या प्लगमध्ये धातूच्या दोन पाकळ्या पक्कडीने वायरीभोवती दाबायच्या असतात, तर न्यूट्रिक कंपनीच्या प्लगमध्ये प्लास्टिकची दातेरी पकड असते आणि मागची टोपी आवळली की ती वायरीवर घट्ट बसते. पहिली पद्धत वर्षानुवर्षे टिकते, पण पाकळ्या जास्त दाबल्या गेल्या तर त्या आवरणात रुतून आतल्या तारांना इजा करतात, म्हणून नवशिक्याने दुसऱ्या पद्धतीचा प्लग घ्यावा असे माझे मत आहे. मात्र ही पकड ठरावीक जाडीच्याच वायरीवर काम करते. त्यामुळे खरेदीपूर्वी वायरीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजावा आणि प्लगच्या माहितीपत्रकातील मर्यादेशी ताडून पाहावा. वायर बारीक निघाल्यास पकड येते त्या भागावर हीट श्रिंक नळीचे (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणाऱ्या नळीचे) एकदोन थर चढवता येतात. वायर जाड निघाल्यास मात्र प्लगच बदलावा.

प्लग हातात आल्यावर त्याचे टोक दोन बोटांच्या नखांत धरून हलकेच फिरवून पाहावे. ते जरासुद्धा फिरले किंवा डुलले तर तो प्लग घेऊ नये, कारण हेच ढिले टोक पुढे खरखर करू लागते. सोन्याचा मुलामा गंजत नाही हे खरे असले तरी तो मऊ आणि पातळ असतो आणि सतत काढघाल केल्याने झिजतो. रोज वापरायच्या केबलला निकेलचा मुलामा पुरेसा आहे.

सरळ प्लग की काटकोनी, हे वाद्यावरचा जॅक, म्हणजे प्लग खुपसायची जागा, पाहून ठरवावे. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारवर जॅक तिरप्या खोलगट पट्टीत असल्याने तिथे सरळ प्लगच नीट बसतो, तर जॅक गिटारच्या कडेला असेल तर काटकोनी प्लगमुळे बसून वाजवताना वायर मोडत नाही.

सोल्डरिंगच्या बाजूनेही प्लग तपासावा. जमिनीच्या (ग्राउंडच्या) जोडणीची पट्टी रुंद असली तर वायरीतल्या मधल्या तारेभोवती असलेल्या जाळीच्या तारा पिळून तिच्यावर सपाट टेकवता येतात आणि फार वेळ ताप द्यावा लागत नाही. अनेक वाद्य केबलींत जाळीच्या आत काळ्या, वीजवाहक प्लास्टिकचा एक पातळ थर असतो. तो आतल्या पांढऱ्या आवरणावरून काही मिलिमीटर मागेपर्यंत सोलून काढावा, कारण तो टोकाच्या जोडणीला टेकला तर सिग्नल जमिनीकडे गळतो आणि आवाज दबतो. कव्हर आणि आतली प्लास्टिकची नळी सोल्डर करण्याआधीच वायरीत ओवून ठेवावी. ती विसरली तर झालेला जोड पुन्हा उकलावा लागतो.

दोन्ही प्लग बसल्यावर मल्टिमीटर बीपवर (जोडणी अखंड असल्यास आवाज देणाऱ्या खुणेवर) ठेवून एका प्लगचे टोक ते दुसऱ्याचे टोक आणि दांडा ते दांडा बीप येतो का, आणि टोक ते दांडा मात्र येत नाही ना, हे पाहावे. हीच तपासणी प्लगजवळची वायर चारही बाजूंना वाकवत पुन्हा करावी. वाकवताना बीप तुटला तर कव्हर उघडून आधी पकड आणि मग जोड तपासावा.