जुन्या मोटारीचा पेट्रोलचा रबरी पाइप घरी कसा बदलावा

कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेल्या जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीत टाकीतील पेट्रोल बहुतेक अंतर लोखंडी नळीतून कापते. फक्त फिल्टर, पंप आणि कार्बोरेटर यांच्या जोडांवर रबरी पाइपाचे वीतभर तुकडे असतात. गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली, तरी हे तुकडे कुणी बदललेले नसतात. बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येत असेल, क्लिपेजवळ ओलसर काळा डाग दिसत असेल किंवा पाइप बोटांनी वाकवताच बाकावर बारीक भेगा उघडत असतील, तर एवढे एक लक्षणही पुरेसे समजावे आणि पाइप बदलेपर्यंत गाडी सुरू करू नये.

आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. बेळगावकडच्या चिकोडी, अथणी, संकेश्वर या पट्ट्यातील साखर कारखान्यांत उसापासून जे इथेनॉल तयार होते, तेच आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. जुन्या गाड्यांतील रबर अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. त्यामुळे ते फुगते, मऊ पडते आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली की वाळून तडकते. म्हणून दुकानात केवळ ‘पेट्रोल पाइप द्या’ असे न म्हणता इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसणारा पाइप मागावा आणि त्यावरील छपाई स्वतः वाचावी. कार्बोरेटरच्या गाडीला ‘एसएई जे ३० आर ७’ (पाइपावर इंग्रजीत SAE J30R7) दर्जाचा पाइप चालतो; ‘आर ९’ अधिक टिकाऊ असतो आणि किमतीतला फरक पाहता मी तोच घ्यावा असे सुचवेन. पाण्याचा किंवा हवेचा पारदर्शक पाइप कितीही घट्ट बसला, तरी वापरू नये. मापासाठी जुना तुकडा सोबत न्यावा. मात्र तो फुगून सैल झालेला असू शकतो, म्हणून लोखंडी नळीचा बाहेरचा व्यासही मोजून जावे. नव्या क्लिपा आणि फिल्टर त्याच फेरीत घ्यावेत.

एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाची गाडी असेल, तर हे काम घरी करू नये. तिच्या पाइपात पेट्रोल बऱ्याच जास्त दाबाने असते आणि जोडही वेगळे असतात. ते काम मेस्त्रींकडे सोपवावे.

काम उघड्या अंगणातच करावे. खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात गाडी पडवीत ओढून घेण्याचा मोह होतो, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि न्हाणीघराच्या पेटत्या बंबापर्यंत किंवा स्वयंपाकघरातील शेगडीपर्यंत सहज पोहोचते. विडी-सिगारेट दूर ठेवावी, कोरड्या पावडरीचे अग्निशामक हाताशी असावे आणि सोबत एक मोठे माणूस असावे. टाकीत पेट्रोल कमी असताना, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हँडब्रेक ओढून प्रथम बॅटरीची मायनस वायर काढावी. नंतर टाकीचे झाकण उघडून आतली वाफ मोकळी करावी व पुन्हा लावावे.

आता मूळ जोडणीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण काही गाड्यांत जादा पेट्रोल टाकीकडे नेणारा परतीचा पाइपही शेजारीच असतो आणि दोन्ही दिसायला सारखेच असतात. एका वेळी एकच पाइप काढावा. खाली पत्र्याचे भांडे ठेवून क्लिप मागे सरकवावी आणि पाइप ओढण्याऐवजी हलकेच पिळून सुटा करावा. तो चिकटून बसला असेल, तर टोकाशी ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरावा. मात्र पात्याचा ओरखडा नळीवर उमटू देऊ नये, कारण गळती पुढे तिथूनच सुरू होते. टाकीकडच्या नळीतून पेट्रोल येत राहिल्यास तिच्या तोंडावर जुन्या पाइपाचा तुकडा चढवून दुसऱ्या टोकात स्वच्छ बोल्ट घट्ट बसवावा. लोखंडी नळी गंजून खड्डे पडलेली आढळली, तर नवा रबरी पाइप लावून काहीच साधणार नाही. आधी नळी बदलून घ्यावी.

नवा पाइप जुन्याच्या लांबीइतका, धारदार ब्लेडने सरळ कापावा. करवतीने कापल्यास रबराचा चुरा आत राहतो आणि थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात अडकतो. प्रथम दोन्ही क्लिपा पाइपावर ओवाव्यात, मग पाइप नळीच्या फुगीर कड्याच्या पलीकडे साधारण २० ते २५ मिलिमीटर चढवावा. क्लिप कड्यावर किंवा पाइपाच्या अगदी टोकावर न येता कड्याच्या मागे, पाइप सपाट बसलेला असेल तिथे यावी. स्क्रू इतकाच आवळावा की रबर किंचित दबेल. क्लिपेच्या खाचांतून रबर वर येऊ लागले, तर ते कापले जात आहे असे समजावे. फिल्टरवरील बाण इंजिनाच्या दिशेने असावा आणि पाइप सायलेन्सरच्या गरम भागाला किंवा इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याला टेकू नये.

सांडलेले पेट्रोल पुसून, वास पूर्ण गेल्यावरच बॅटरीची वायर जोडावी. फिल्टर आणि कार्बोरेटर भरेपर्यंत इंजिन लगेच सुरू होणार नाही. थोडा थोडा वेळ स्टार्टर फिरवावा, मध्ये विश्रांती द्यावी. सुरू झाल्यावर प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद फिरवून ओल उमटते का पाहावे. इंजिन गरम झाल्यावर ते बंद करून हीच तपासणी पुन्हा करावी. चोर्ला घाटातून गोव्याला निघण्यापूर्वी गाडी एक-दोन दिवस गावातच फिरवावी आणि क्लिपा परत पाहाव्यात, कारण नवे रबर दबले की त्या थोड्या सैल होतात. भांड्यातले पेट्रोल गटारात किंवा परसातल्या विहिरीजवळ ओतू नये आणि भिजलेली फडकी गोळा करून न ठेवता उघड्यावर पसरून वाळवावीत.