पट्टे आईचे की बापाचे?

पिसांच्या रंगावर संकर करायला निघालात ना? मग आधी सांगा, पट्टेरी कोण, कोंबडी की कोंबडा? मला हे कुणी विचारलं नाही आणि ६० अंडी, २१ दिवस पाण्यात गेले.

एक दिवसाच्या पिल्लांत नर-मादी ओळखायची होती. आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड, बिनपट्ट्याची तांबडी जात) आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक या दोन जातींच्या संकरात पिल्लं काळी निघतात, फक्त नरांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असतो, एवढं ऐकलं होतं. पट्टेरी कोंबडा देखणा मिळाला, म्हणून तोच आर.आय.आर. कोंबड्यांत सोडला. पिल्लं निघाली तर ठिपका सगळ्यांच्याच डोक्यावर!

डोक्यावरचा ठिपका ही पट्ट्यांच्या जनुकाची खूण, आणि ते जनुक झेड गुणसूत्रावर असतं. कोंबड्याला झेड दोन, कोंबडीला एकच. तिचं दुसरं डब्ल्यू. लेकाला ती झेड देते, लेकीला डब्ल्यू. म्हणजे लेकीचं एकुलतं झेड बापाकडूनच येतं. पुन्हा सांगतो, कारण तीनदा वाचूनही मी चुकलो होतो: पट्टेरी आईचे पट्टे लेकीला मिळतच नाहीत, ते लेकाला जातात. म्हणून बाप आर.आय.आर. आणि आई पट्टेरी हवी. जातिवंत पट्टेरी बाप घेतलात तर तो सगळ्याच पिल्लांना पट्टा वाटत सुटतो. खाद्याच्या गोणीवर चार चौकोन आखून, कडेला आई-बापाची गुणसूत्रं लिहून बघा, मोबाइलवरचं संकराचं कॅल्क्युलेटर नको. त्यात आई-बापाचे रकाने उलटे भरले तरी ते निमूट उत्तर देतं.

कोंबडा बदलला की लगेच अंडी उबवायला ठेवू नका. जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. "आठवडा पुरे" म्हणणारे बुजुर्ग भेटतील. त्यांच्या हातचा चहा प्या, सल्ला घेऊ नका. पांढऱ्या लेगहॉर्नलाही यात आणू नका. तिचा पांढरा रंग काळ्याला दाबतो, पट्टे असले तरी दिसत नाहीत. आणि संकरातल्या भावंडांचाच जोडा लावलात तर पुढच्या पिढीत ठिपक्यावर विसंबता येत नाही, संपलं.

घाबरू मात्र नका. माझ्या त्या फसलेल्या घाण्यातल्या तलंगा (तरण्या कोंबड्या) अंड्यांना उत्तम निघाल्या. नर-मादी कळायला तुरे वाढेपर्यंत थांबावं लागलं, एवढंच. पट्टेरी कोंबडा आता वेगळ्या खुराड्यात असतो. विकवत नाही. पहाटे साडेतीनला आरवतो.