पहिलं यंत्र कोणतं घ्यावं: जुन्या धाटणीची ड्रम मशीन की सॅम्पलर?

अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर मोठा श्रोता मिळाल्यापासून जळगाव-धुळ्याकडे छोट्या स्टुडिओंना कामाची ददात राहिलेली नाही. गाणं कुणाचंही असो, ठेका कुणीतरी बांधावाच लागतो. त्यामुळे ऑक्टापॅड वाजवणारी, बँडमध्ये ताशा वाजवलेली, मोबाईलवर बीट करत बसणारी मुलं आता रिदम प्रोग्रॅमिंगकडे वळतायत. भेटल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "दादा, ८०८सारखी मशीन घेऊ की सॅम्पलर?" ८०८ म्हणजे रोलँड कंपनीची जुनी ड्रम मशीन, जिच्यात ठोक्यांचे आवाज आधीच बसवलेले असतात. सॅम्पलरमध्ये मात्र आपण रेकॉर्ड केलेले आवाज भरायचे आणि पॅडवर वाजवायचे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे एकाच यंत्रापुरते असतील आणि काम खान्देशात करायचं असेल, तर सॅम्पलर घ्या. पण ठेका कसा बांधतात हे शिकायला मात्र कुणाच्या तरी ड्रम मशीनसमोर बसा. मित्राची असेल तर मागून आणा, स्टुडिओत असेल तर रिकाम्या वेळात हात लावू द्या म्हणून विनंती करा.

या दोन वाटा १९८० सालीच फुटल्या. यंत्रं घडवणाऱ्या रॉजर लिन यांच्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज होते आणि तिची किंमत ५ हजार डॉलरच्या घरात होती. त्याच साली रोलँडने टीआर-८०८ आणली, १,१९५ डॉलरला. तिच्यात एकही रेकॉर्ड केलेला आवाज नव्हता. सर्किटच आवाज निर्माण करायचं. लोकांना तो नकली वाटला. १९८३ मध्ये उत्पादन थांबलं तोवर सुमारे १२ हजार नग बनले होते. पुढे तेच नग जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले, हिप-हॉप आणि टेक्नोवाल्यांच्या हाती लागले, आणि आज मूळ ८०८ लाखांत जाते. आपल्याला मूळ नगाची गरज नाही. बेहरिंगरची आरडी-८ त्याच धर्तीची अ‍ॅनालॉग मशीन आहे, आणि रोलँडची टीआर-८एस जुने आवाज डिजिटल पद्धतीने हुबेहूब उभे करते, वर स्वतःचे सॅम्पलही घेते.

ड्रम मशीन शिकवते कशी, ते एका ठेक्यावर पाहा. समोर सोळा बटणं ओळीने. केहरवा आठ मात्रांचा, म्हणजे प्रत्येक मात्रेला दोन बटणं: धा १ वर, गे ३ वर, ना ५ वर, ती ७ वर, न ९ वर, क ११ वर, धी १३ वर, न १५ वर. किक (मोठ्या ड्रमचा खालचा ठोका) फक्त १ आणि १३ वर ठेवा, ५ वर आणि १५ वर रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा ठोका) द्या, बाकी सगळं रिकामं सोडा आणि ऐका. आता १५ वरचा रिमशॉट उचलून १६ वर न्या. नाचणाऱ्याचा पाय कुठे पडेल तेच बदलतं. हे बोटांनी करताना आणि डोळ्यांनी बघताना जे डोक्यात बसतं, ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर माउसने ठिपके टाकून बसत नाही. दादरा हवा असेल तर शेवटची पायरी १२ वर आणा, म्हणजे ठेका बाराव्या बटणानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सहा मात्रा, प्रत्येकी दोन. नवीन मुलं दादऱ्याला सोळात कोंबतात आणि मग गाणं लंगडतं.

यानंतर स्विंग, म्हणजे दर दुसरा ठोका किंचित उशिरा टाकणं. ५० टक्के म्हणजे सरळ चाल, ६६ म्हणजे जवळजवळ तिस्र (ट्रिप्लेट) चाल. आपल्याकडची हळदीची आणि वरातीची गाणी या दोन्हींच्या मधे कुठेतरी डुलतात. मी साधारण ५८ ते ६२ च्या आसपास सुरुवात करतो आणि मग डोळे मिटून कानाने ठरवतो. आकडा गाण्यागणिक बदलतो, पण हा पट्टा एकदा अंगात मुरला की अर्धं काम झालं.

अशा मशीनचा दुसरा मोठा फायदा म्हणजे किक. ८०८ ची किक ५० हर्ट्झच्या आसपास लांब घुमते. मूळ मशीनवर तिचा सूर बदलायची सोय नव्हती, नव्या अवतारांमध्ये आहे, आणि ती वापरलीच पाहिजे. गायक काळी चारमध्ये गात असेल तर तिथला खालचा षड्ज सुमारे ५२ हर्ट्झवर येतो, काळी पाचला ५८ वर. किक त्या षड्जावर आणली की बेस आणि गाणं एका जिवाचं वाटतं. नाही आणली तर डीजेच्या मोठ्या बेसवर सगळं गढूळ ऐकू येतं आणि दोष मात्र मिक्सिंगला दिला जातो. आणखी एक. आपली गाणी लोक सर्वात जास्त मोबाईलवर ऐकतात, आणि मोबाईलच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ येतच नाही. म्हणून किकला थोडं ओव्हरड्राइव्ह द्या, म्हणजे आवाज मुद्दाम जरासा फाडा. त्यातून वरचे स्वरांश तयार होतात आणि छोट्या स्पीकरवरही ठोका कळतो.

इतकं कौतुक करूनही पहिला पैसा तिच्यावर घालू नका म्हणतो, कारण आपला आवाज तिच्यात नाही. स्टुडिओत एका ज्येष्ठ गायकाला मी नुसत्या मशीनवर बांधलेला ठेका ऐकवला होता. नानांनी शांतपणे पूर्ण ऐकला आणि एवढंच विचारलं, "भाऊ, यामा आपला संबळ कोठे शे?" त्या प्रश्नाला कोणतंच बटण उत्तर देऊ शकत नव्हतं. श्रावणात कानबाईची गाणी करायची, वहीगायनातला डफ आणायचा, सातपुड्यातल्या पावरा गाण्यासाठी मांदल हवा, काठी गावच्या होळीत घुमतात तसल्या मोठ्या ढोलाची गाज हवी, तर कारखान्यातून आलेल्या मशीनमध्ये यातलं काहीच सापडत नाही. सॅम्पलरमध्ये ८०८ ची किकही भरता येते आणि संबळही. ८०८ मध्ये संबळ भरता येत नाही. भरलेली किक गोठलेली असते हे खरं, चालू गाण्यात डिके फिरवून ती लांबवण्याची मजा तीत येत नाही. पण ती उणीव सोसवते. संबळ नसणं सोसवत नाही.

मात्र सॅम्पलर घेतला आणि इंटरनेटवरचे तयार आवाज भरले, तर घेऊन न घेतल्यासारखं. रेकॉर्डिंग स्वतः करा. त्यात सर्वात जास्त वेळ घाला, कारण पुढची कित्येक वर्षं त्याच आवाजांवर तुम्ही कमावणार आहात.

वादक बोलवा, खोलीत गाद्या-गोधड्या टांगा, पंखा आणि कूलर बंद. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण कूलरची घरघर एकदा सॅम्पलमध्ये बसली की निघत नाही. उन्हाळ्याचा फायदाही आहे. जळगावच्या कोरड्या मे महिन्यात पान (वाद्याचं कातडं) ताणलेलं असतं आणि संबळ खणखणीत बोलतो. श्रावणात दमट हवेने पान सैलावतं, आवाज खाली बसतो. दोन्ही वेळचे आवाज घेऊन ठेवले तर दोन वेगळी वाद्यं मिळाल्यासारखं होतं. संबळाच्या दोन्ही अंगांचा आवाज वेगवेगळा घ्या. प्रत्येक ठोका हलका, मध्यम आणि जोरात, आणि प्रत्येकाचे तीन-चार नग. एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजला की कानाला लगेच यंत्र कळतं. तीन-चार आळीपाळीने वाजले की हात कळतो. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि पातळी मुद्दाम खाली ठेवा, संबळाचा ठोका अचानक उसळतो.

मग कापाकापी. ठोक्याच्या आधीची शांतता अगदी टोकापर्यंत छाटा. २० मिलिसेकंद जरी मागे राहिली तरी पॅडवर बोट पडल्यावर आवाज मागून आल्यासारखा वाटतो, आणि तुम्ही नकळत घाईने वाजवायला लागता. शेपूट मात्र छाटू नका, हळूहळू विझू द्या. ढोलाचा उघडा आणि दाबलेला ठोका एकाच म्यूट ग्रुपमध्ये ठेवा, म्हणजे दाबलेला वाजताच उघड्याची घुमी थांबते, जशी खऱ्या ढोलावर हात ठेवल्यावर थांबते. वादकाने सलग वाजवलेली चाल मिळाली तर ती ताणून गाण्याच्या लयीत बसवू नका, ठोका फसफशीत होतो. तिचे तुकडे करा, पॅडवर मांडा आणि नव्याने वाजवा.

सॅम्पलरचा धोका म्हणजे भरमसाट आवाज. आठवडाभर मुलं आवाजच चाळत बसतात, ठेका एकही होत नाही. माझा नियम कडक आहे: एका गाण्याला सोळा पॅड, त्यापलीकडे नाही. १९८८ च्या अकाई कंपनीच्या एमपीसी६० या सॅम्पलरवर रॉजर लिन यांनी चार गुणिले चार पॅडची जी मांडणी केली ती आजही टिकून आहे, आणि सोळा आवाजांत वरातीचं, हळदीचं, भक्तीचं कोणतंही गाणं उभं राहतं.

यंत्र निवडताना तुमचं काम कुठे आहे ते बघा. काठीने वाजवायची सवय असेल आणि लग्नसराईत स्टेजवरच उभं राहायचं असेल तर एसपीडी-एसएक्ससारखा सॅम्पलिंग पॅड; ऑक्टापॅडवरून त्यावर जाणं सोपं जातं. बोटांनी वाजवून स्टुडिओत गाणी बांधायची असतील तर एमपीसी वन. फिरतीवर असाल तर एसपी-४०४ एमके२ मला फार आवडतो, सहा पेन्सिल सेलवरही चालतो. खेड्यातल्या मांडवात जनरेटर कधी दम टाकेल सांगता येत नाही, तेव्हा सेलवर चालणारं यंत्र गाणं मधेच तुटू देत नाही. स्टेजवर आवाज बहुतेकदा मोनोच जातो, म्हणून डावी-उजवीकडे पसरवलेले आवाज घरीच मोनो करून ऐका. काही आवाज एकमेकांना खाऊन गायब होतात. आपल्याकडची धूळ फेडर आणि पॅडमध्ये शिरते, म्हणून कव्हर यंत्रासोबतच घ्या. जुनं यंत्र घेताना प्रत्येक पॅड हलका आणि जोरात दोन्ही वाजवून बघा, कारण दुरुस्तीला बहुधा मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं आणि ऐन हंगामात ते परवडत नाही.

शेवटी पैशाचं. ज्याचा संबळ किंवा ढोल रेकॉर्ड केला त्याला त्याच दिवशी पैसे द्या, आणि हे आवाज पुढे कोणत्या गाण्यांत वापरणार ते साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्या वादकाचा हात तुमच्या गाण्यात वाजणार आहे, त्याला त्याचा वाटा आणि श्रेयनामावलीत नाव मिळालंच पाहिजे. दुसऱ्याच्या गाण्यातून ठेका उचलू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याकडे असतो, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तो ६० वर्षं टिकतो, आणि यूट्यूबची यंत्रणा उचललेला तुकडा ओळखून तुमच्या गाण्याची कमाई मूळ मालकाकडे वळवू शकते. तयार पॅक घेतलाच तर त्याचा परवाना पूर्ण वाचा, काही पॅक फक्त सरावासाठी असतात.

ड्रम मशीन दुसऱ्या हंगामात घ्या, पहिल्या हंगामाच्या कमाईतून. तोवर सॅम्पलरच्या सोळा पॅडपैकी एक तिच्या किकसाठी राखून ठेवा आणि ती किक गायकाच्या षड्जावर लावायची सवय करा.