पंप खडखडतोय? आधी सक्शन बघा, या चुका टाळा

भोसरीतल्या एका शेडमधून फोन आला, "पंपात खडी गेलीय, लगेच या." केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, उघडलं, तर खडीचा कणही नाही. इम्पेलरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाच्या, पात्यांची आतली कड मात्र वाळवीने खाल्ल्यासारखी. बोट फिरवलं तर खरखर लागली. हे कॅव्हिटेशन. इम्पेलरच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की गार पाण्याचीही वाफ होते. पुढे दाब वाढला की ते बुडबुडे फुटतात, त्याचाच तो खडखडाट.

मोटर अँपिअर जास्त घेते म्हणून ऑपरेटरने सक्शनचा, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या बाजूचा, व्हॉल्व्ह अर्धा आवळला होता. त्यानेच तोंडाशी दाब उतरला. फ्लो कमी करायचा तर डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या बाजूचा, व्हॉल्व्ह आवळा, सक्शनचा पूर्ण उघडाच हवा. खरी चूक त्याही आधीची, खरेदीतली. "असू दे थोडं जास्त" म्हणत हेडवर, म्हणजे पाणी किती मीटर चढवायचं त्या आकड्यावर, मार्जिन चढवत गेले. प्रत्यक्षात हेड कमीच लागलं, पंप जास्त पाणी फेकू लागला आणि अँपिअर चढले.

मुंबईत बिनतक्रार चालणारी मांडणी पुण्यात कुरकुरते, तेही उगाच नाही. सक्शनमध्ये पाणी ढकलतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो सुमारे 10.3 मीटर पाण्याइतका असतो, इथे साडेपाचशे मीटरवर तो 9.7 च्या आसपास. साठ-सत्तर सेंटिमीटर तिथेच गेले. पाणी 80 अंशांचं असेल तर त्याच्या बाष्पदाबातच, म्हणजे वाफ होऊ पाहणाऱ्या पाण्याच्या दाबातच, जवळपास पाच मीटर जातात. अशा पाण्याला टाकी पंपाच्या वर हवी. खालच्या टाकीतून वर खेचायचा हट्ट सोडा.

टाकी खाली असेल तर सक्शनला एक्सेंट्रिक रिड्यूसर (पाइप लहान करणारा, एक बाजू सपाट असलेला तुकडा) सपाट बाजू वर ठेवून बसवा, नाहीतर वर हवा साठते. पंपाच्या तोंडाला चिकटून एल्बो, म्हणजे पाइपचं वळण, नको.

मोटर रिवाइंड होऊन आली की फिरण्याची दिशा तपासा. उलटा फिरला तरी रेडियल पंप (पाणी चाकाच्या कडेला फेकणारा) पाणी देतो, फक्त कमी देतो. म्हणून महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही! तीनपैकी दोन फेजची अदलाबदल केली की झालं.

डिलिव्हरी आवळायचा नियम हवा दाबणाऱ्या सेंट्रिफ्युगल कंप्रेसरला मात्र लावू नका. तिथे फ्लो फार घटला की सर्ज होतो, हवा उलटी धडका मारते आणि शाफ्टचा पुढे-मागे होणारा रेटा झेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगची वाट लागते.

त्या शेडमध्ये आता सक्शन व्हॉल्व्हचं हँडव्हील काढून सुपरवायझरच्या खणात ठेवलंय. दुरुस्तीपुरतंच बाहेर येतं.