साताऱ्यातून हॉटेल व्यवसायात: काम शिकावे कसे, माणसे सांभाळावी कशी

बारावीनंतर संयुक्त प्रवेश परीक्षा देऊन हॉटेल व्यवस्थापनाची तीन वर्षांची पदवी घेता येते. पदवी मिळाली तरी सुरुवातीला पदाचा आग्रह न धरता फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, स्वयंपाकघर आणि सर्व्हिस या चारही विभागांत काम करावे. कारण ज्याने स्वतः चादर ताणून गादीखाली कोपरे दुमडलेले नाहीत, त्याची सूचना कर्मचारी ऐकतात, पण मनावर घेत नाहीत.

महाबळेश्वर-पाचगणीचा एप्रिल-मेचा हंगाम ही शिकण्याची उत्तम संधी आहे. अकराच्या सुमारास खोल्या रिकाम्या होतात, नवे पाहुणे बाराला दारात उभे असतात, आणि त्या तासाभरात न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला एक केसही तक्रारीला पुरेसा ठरतो. म्हणून पर्यवेक्षकाने खोली दारातून न पाहता नळ सोडून, उशी उचलून आणि पाहुण्याच्या जागी बसून तपासावी.

पाळी बदलताना दहा मिनिटे सर्वांना एकत्र बोलवावे. कोणत्या खोलीचा गीझर बंद आहे, कोणाला जैन जेवण हवे आहे, हे नोंदवहीत लिहून मोठ्याने वाचावे. चूक झाल्यास पाहुण्यासमोर कर्मचाऱ्याला कधीही बोलू नये; माफी आपण मागावी आणि कारण नंतर एकांतात विचारावे.

पावसाळ्यात गर्दी ओसरली की रजा द्याव्यात, दुरुस्त्या उरकाव्यात आणि वेटरला बिलिंग, तर रूम बॉयला रिसेप्शन शिकवावे.