जुनाट दुखणे आणि ओपिऑइड गोळ्या: आराम मिळवताना सवय कशी टाळावी

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट दुखणे म्हणतात. साध्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या की चिठ्ठीवर बहुधा ट्रामाडॉल येते. टॅपेंटाडॉल, ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच आणि मॉर्फिन ही त्याच कुळातली आणखी औषधे. ही सारी ओपिऑइड, म्हणजे अफूपासून काढलेली किंवा अफूसारखे काम करणारी. अशी गोळी सुरू करण्याआधीच ती थांबवायची कधी आणि कशी, हे ठरवून घ्यावे, आणि तिचा गुण दुखणे किती उतरले यापेक्षा हातून काय काय होऊ लागले यावरून जोखावा.

त्यासाठी एक साधी वही पुरते. पहिली गोळी घेण्याच्या आधीचा एक आठवडा ती लिहावी, कारण नंतर तुलना करायला मागचे काहीतरी हाताशी हवे. माझ्या आत्याच्या गुडघ्यांसाठी आम्ही ठेवलेल्या वहीत पहिल्या पानावर ‘जिना एकदा चढले, मध्ये बसले’, ‘भाजीला गेले नाही’, ‘रात्री दोनदा जाग’ अशा नोंदी होत्या. तिसऱ्या आठवड्यात दुखण्याचा आकडा दहापैकी सातवरून जेमतेम सहावर आला होता, पण आत्या दिवसाआड भाजी आणू लागली होती. याउलट आकडा तीनवर आला आणि माणूस दिवसभर दिवाणावर पेंगत पडला, तर त्या गोळीचा उपयोग झाला असे मी म्हणणार नाही. दोन ते चार आठवड्यांत हालचाल, झोप आणि कामे यांत ठळक फरक पडला नाही, तर डोस वाढवून मागण्याऐवजी गोळी कमी करत थांबवण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

मुळात ही गोळी हवी का, हाही प्रश्न विचारावा. पाठदुखी आणि गुडघे किंवा खुब्याची झीज असलेल्या २४० रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, बारा महिन्यांअखेर ओपिऑइड घेणाऱ्यांची हालचाल इतर औषधे घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरली नाही. नसांच्या दुखण्याला, म्हणजे मधुमेहातल्या पायांच्या आगीला किंवा नागिणीनंतरच्या वेदनेला, ड्युलॉक्सेटीन, ॲमिट्रिप्टिलीन किंवा प्रेगाबालिन आधी देऊन पाहतात. गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम कंटाळवाणे असतात, पण ते सोडून गोळीकडे धावण्यात नुकसान आपलेच असते.

डॉक्टरांपासून काहीही लपवू नये. घरात कुणाला दारूचे किंवा इतर कशाचे व्यसन आहे का, पूर्वी फिट आली होती का, झोपेत घोरताना श्वास अडकतो का, आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारखी गोळी चालू आहे का, हे त्यांनी विचारले नाही तरी आपण सांगावे. झोपेच्या गोळ्या, दारू आणि ओपिऑइड एकत्र आली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. प्रेगाबालिनबरोबरही सावधपणा लागतो. ट्रामाडॉलने फिट येण्याचा धोका वाढतो आणि नैराश्यावरच्या काही औषधांशी त्याचे पटत नाही. ट्रामाडॉलच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेले असते, तेव्हा तापासाठी वेगळी गोळी घेण्याआधी पाकीट उलटून वाचावे.

बद्धकोष्ठावरचा उपाय पहिल्या दिवसापासून चालू करावा, कारण गुंगी आणि मळमळ बहुधा काही दिवसांत कमी होतात, बद्धकोष्ठ मात्र अंगवळणी पडत नाही. नुसत्या इसबगोलावर भागत नाही. सेना (सोनामुखी) किंवा बिसॅकोडिलसारखे रेचक लागते.

चिठ्ठी एकाच डॉक्टरांची आणि दुकान एकच ठेवावे. ट्रामाडॉल औषध नियमांच्या एच-१ परिशिष्टात असल्याने दुकानदाराला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते आणि एप्रिल २०१८ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आले आहे. म्हणून ‘मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठीशिवाय देतो’ ही सोय नव्हे. गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि घरातल्या एकाने दर रविवारी मोजाव्यात.

आता सवयीविषयी. काही आठवडे रोज गोळी घेतल्यावर ती अचानक बंद केली की जांभया, घाम, नाक वाहणे, जुलाब, झोप न लागणे असा त्रास होतो. ते शरीराचे अवलंबन असते आणि केवळ त्यावरून कुणाला व्यसनी ठरवू नये. दुखणे नसताना मन हलके वाटावे म्हणून गोळी घेणे, महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांत संपणे, ‘पाकीट हरवले’ असे वारंवार सांगणे, घरच्यांपासून लपवणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही व्यसनाची लक्षणे. ती दिसली तर भांडण न करता डॉक्टरांना सांगावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधाने त्यावर रीतसर उपचार होतात.

कर्करोगाच्या वेदनेला मात्र हे माप लावू नये. तिथे मॉर्फिन घड्याळ लावून, साध्या गोळीच्या बाबतीत दर चार तासांनी, दुखणे उसळायच्या आधी द्यायचे असते. ‘सवय लागेल’ म्हणून नातेवाइकांनी रात्रीचा डोस चुकवणे हा निव्वळ जाच आहे. अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे आणि देणे कायद्याने सोपे झाले आहे.

थांबवायची वेळ आली की घाई करू नये. वर्षाहून अधिक काळ घेतलेल्या गोळीचा डोस महिन्याला सुमारे दहा टक्के, किंवा त्याहूनही सावकाश, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवतात. त्रास झाला तर आहे तिथेच काही आठवडे थांबतात. आणि बंद केल्यानंतर दुखणे पुन्हा उसळले, तरी कपाटात उरलेला जुना डोस तसाच घेऊ नये, कारण तेवढा डोस पेलण्याची शरीराची ताकद तोवर गेलेली असते.